शिन-चानची आई

परवाच्या रविवारची गोष्ट. यांच्या साहेबांच्या पत्नी पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. पोहे झाले, लाडू झाले, चहा ओतायला घेतला, तोच आमचे चिरंजीव (वय वर्षे सहा) त्यांच्यासमोर उभे राहिले आणि नाकातून ओढल्यासारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काकू, तुम्ही रोज एवढं खाता?" धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं! बाई हसल्या खऱ्या, पण हातातला लाडू त्यांनी हळूच बशीत ठेवला.

त्या गेल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "हे त्या टीव्हीवरच्या जाड्या भुवयांच्या कार्ट्याचं शिक्षण!" आणि रिमोट कपाटावर गेला. चिरंजीवांनी भोकाड पसरलं. त्या दिवशी जेवणं मुकाट्यानेच झाली. सासूबाईंचं म्हणणं खोटं होतं असं नाही. पण ज्या गोष्टीवर बंदी घालायची ती आधी आपण बघावी तरी, असं मला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी स्वतःच शिन-चान लावून बसले.

तुम्हांलाही कदाचित हे माहीत नसेल, हे प्रकरण मुळात मुलांसाठी नव्हतंच. योशितो उसुई नावाच्या चित्रकाराने १९९० साली ते सुरू केलं, तेही जपानमधल्या मोठ्या पुरुषांच्या चित्रकथा-साप्ताहिकात. दमून घरी जाणाऱ्या नोकरदाराने गाडीत वाचून हसावं, असा तो मामला. १९९२ साली ते टीव्हीवर आलं आणि पोरांनी उचलून धरलं. जपानी आयाही आपल्यासारख्याच वैतागल्या. तिकडच्या पालक-शिक्षक संघाच्या पाहण्यांत 'मुलांनी बघू नये' अशा कार्यक्रमांत याचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं. अमेरिकेत २००६ साली तो लागला तो रात्री उशिरा, मोठ्यांच्या वेळेला, आणि संवादही मोठ्यांसाठीच नव्याने लिहून. आपल्याकडे मात्र तो त्याच साली हिंदीतून थेट मुलांच्या चॅनेलवर आला! पुढे २००८ च्या सुमारास तक्रारींवरून बंद झाला आणि काटछाट होऊन परत आला.

जपानी कार्टून म्हटलं की मोठाले डोळे, जग वाचवणारा वीर, आकाशाएवढे यंत्रमानव, आणि घरगुती मालिका असेल तर शहाणीसुरती माणसं. शिन-चानने या सगळ्याची रेवडी उडवली आहे. चित्रंच बघा ना, लहान मुलाने खडूने काढल्यासारखी वेडीवाकडी, डोकं बटाट्यासारखं. त्याचा लाडका वीर ॲक्शन कामेन म्हणजे मुखवटेवाल्या जपानी वीरांची नक्कल, आणि कांताम रोबो ही यंत्रमानवांची. सगळ्यांत मला आवडलं ते त्याने स्वतःच चितारलेलं डुक्कर, बुरीबुरीझाएमोन. संकटात धावून येतं, मदतीची भलीमोठी फी सांगतं आणि शत्रू जबर दिसला की त्याच्याच बाजूला जाऊन उभं राहतं! असे नातेवाईक आपण पाहिलेत की नाही?

पण मी खरी अडकले ती त्याच्या आईपाशी. जपानीत ती मिसाए, आपल्या हिंदीत मित्सी. वय २९. सेल लागला की धावणारी, दर महिन्याला वजन कमी करायचं ठरवणारी आणि दुपारी बिस्किटं खात टीव्हीसमोर झोपून जाणारी. पोट साफ होत नाही म्हणून रडकुंडीला येणारी. नवऱ्याच्या नकळत पैसे लपवून ठेवणारी. (माझे कुठे असतात ते इथे लिहीत नाही, आमच्याकडेही हा अंक वाचला जातो.) घराच्या कर्जाचे हप्ते अजून ३२ वर्षं बाकी, आणि नवऱ्याच्या मोज्यांचा वास असा की शत्रू बेशुद्ध पडावा. पडद्यावरची आई म्हणजे सदा हसतमुख अन्नपूर्णा, हे बघून बघून माझे डोळे थकले होते. ही बया ओरडते, चिडते, मुठींनी पोराच्या कानशिलांवर गुरगुर फिरवते, आणि रात्री त्याच्याच अंगावर पाय टाकून घोरते. मला एकटीलाच हसू येत होतं.

पोराला मारणं मला पटत नाही, आणि तरुण मुली दिसल्या की त्याचं लाळ गाळणंही नाही. उघड्या ढुंगणाचा नाच तर आमच्या घरात मुळीच नको. पण घरी आल्यावर 'मी आलो' म्हणायच्या ऐवजी तो 'आलास का?' असं स्वतःलाच विचारतो आणि आई रोज तेच सुधारते, या गमतीत काय वाईट आहे?

मग भाचीने लॅपटॉपवर २००१ सालचा त्यांचा एक सिनेमा लावून दिला. दिग्दर्शक केईइची हारा. त्यात जुन्या काळाच्या वासाने शहरातली सगळी मोठी माणसं भुलतात, लहान मुलांसारखी होतात आणि पोटच्या पोरांना विसरतात. शिन-चान काय करतो? बापाच्या नाकाला बापाचाच घामट बूट लावतो! त्या वासासरशी त्या माणसाला आठवतं – वडिलांच्या सायकलवर मागे बसणं, गाव सोडणं, नोकरीतली बोलणी, लग्न, पहिलं बाळ, उन्हातली पायपीट. एक शब्द नाही, नुसती चित्रं. मी पदराने डोळे पुसत होते आणि भाची माझ्याकडे बघत होती.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रिमोट खाली आला. आता संध्याकाळी अर्धा तास, आणि मी किंवा त्या शेजारी असलो तरच. घोगरा आवाज घरात चालेल, पाहुण्यांपुढे नाही. साहेबांच्या पत्नींना फोन करून चिरंजीवांनी माफीही मागितली, साध्या आवाजात.

काल हे ऑफिसातून आले आणि बूट काढून आत गेले. चिरंजीवांनी एक बूट उचलला, नाकाला लावला आणि धाडकन जमिनीवर आडवे झाले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आतून हे विचारत होते, "काय झालं? काय झालं?"