टिअरड्रॉप ट्रेलर: उंची कुठे, किती?

मोटारीमागे जोडायची, दोघांना झोपण्यापुरती थेंबाच्या आकाराची केबिन. अमेरिकेत १९३० च्या दशकात रुजली. प्लायवुडचा तक्ता ८ बाय ४ फुटी, म्हणून घरी बांधलेल्या केबिनची भिंत बहुधा ४ फुटीच.

आसाखालची मोकळी जागा: गतिरोधक न घासता ओलांडण्याइतकी हवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद. यावल-रावेरकडचे हौशी उंचवटे हे माप कुठले जुमानतात!

कपलिंग: युरोपीय मानकात, भरलेल्या गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या बॉलची उंची ३५ ते ४२ सेंमी. ट्रेलर जमिनीला समांतर हवा. नाक वर राहिले, की भार मागे सरकतो आणि वेगात ट्रेलर डुलू लागतो. धुळ्याजवळचा लळिंग किंवा चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट उतरताना हे जास्त जाणवते.

छत: जितके उंच, तितका वारा अडतो, डिझेलही जास्त जळते.