चार घरांचे मिळून गांडूळखत



दिवाळी सरली की घोडेगावच्या शिवारात कांद्याच्या लागणीची आणि गव्हाच्या पेरणीची एकच घाई उडते. या घाईत परसबागेची आठवण कोणाला होत नाही. ती होते माघात, आणि तेव्हा घरात खताची पाटी शिल्लक नसते. उन्हाळ्यात घरची भेंडी, गवार, दोडका खायचा असेल तर तयारी कार्तिकातच सुरू झाली पाहिजे. गांडूळखत हाती यायला पहिल्या दिवसापासून अडीच ते तीन महिने लागतात.

पुष्कळ घरी हा प्रयोग सुरू होतो आणि मध्येच बंद पडतो. एकदोन जनावरांच्या घरातले शेण थोडे सारवणाला जाते, थोडे गोवऱ्यांना जाते. उरलेल्यातून वाफा वेळेवर भरत नाही. कांदे काढणीच्या दिवसांत पाणी मारायला कोणी नसते आणि गांडुळे मरतात. शेजारी ऊसवाल्याकडे पाचट पडलेले असते, ते तो पेटवून देतो. पलीकडच्या शेतमजुराच्या घरी जनावर नसते, पण वेळ द्यायला माणसे असतात. ही घरे एकत्र आली तर कोणाचेच अडत नाही.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

नगर तालुक्यातले हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने श्रमदान केले, चराईबंदी पाळली. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. पाणी सर्वांचे म्हणून त्याचा हिशेबही सर्वांसमोर. सामायिक खताचेही तसेच आहे. शेण गोळा करण्याआधी हिशेबाची वही घातली पाहिजे.

वाफा कसा करावा

जागा सावलीची, उंचवट्याची व पाण्याजवळची असावी. वर पाचटाचे छप्पर करावे. वाफा 10 फूट लांब, 3 फूट रुंद व दीड फूट उंच पुरे. तळ चोपून घट्ट करावा. सर्वांत खाली पाचट, तुरीच्या काड्या, धसकटे यांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर अर्धवट कुजलेल्या शेणाचा तेवढाच थर देऊन पाणी शिंपडावे. मग गांडुळे सोडावीत. एवढ्या वाफ्याला तीन किलो गांडुळे लागतात. एका किलोत साधारण हजार मोठी गांडुळे बसतात. वर कुजलेले शेण व बारीक केलेला काडीकचरा भरून ओले गोणपाट झाकावे.

शेतातली खोल बिळे करणारी गांडुळे येथे उपयोगाची नाहीत. कचऱ्यावर जगणारी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस ही जात आणावी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी.

ताजे शेण कधीही घालू नये. ते तापते आणि गांडुळे होरपळतात. शेण-कचऱ्याचा ढीग पंधरा ते वीस दिवस ओला ठेवून, एकदा उलथून, गार झाल्यावरच वाफ्यात भरावा. शेण फारच कमी असेल तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप टाके बांधावे. त्याच्या विटांच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवतात. थोड्या शेणात बराच काडीकचरा त्यात कुजतो.

ओल किती असावी? मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. वाफ्याभोवती पाण्याची चर ठेवली तर मुंग्या येत नाहीत. कोंबड्या व डुकरे यांपासून राखण करावी.

बाजारातले शेण, कांद्याचा कचरा

घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि कांद्याचे लिलाव होतात. तेथले शेण व कचरा फुकट मिळतो म्हणून पाट्या भरून आणण्याचा मोह होईल. दोन गोष्टी ध्यानात घ्या. जनावराला जंताचे औषध दिले असेल तर त्याचा अंश शेणात उतरतो आणि तो गांडुळांना घातक ठरतो. बाजारात आलेल्या जनावराला काय पाजले ते आपल्याला कळत नाही. असे शेण वाफ्याला नको, ते शेतातल्या उकिरड्यावर टाकावे. सडका कांदाही गांडुळांना मानवत नाही. त्याची जागाही उकिरड्यावरच. घरच्या गोठ्यात जंताचे औषध पाजले तर पुढचे काही आठवडे त्या जनावराचे शेणही वेगळे ठेवावे.

वाटणी आधीच ठरवा

भांडण होते ते खत निघाल्यावर. ज्याच्या घरी चार म्हशी, तो म्हणतो खत माझे. जी बाई रोज पाणी मारायला आली, तिच्या पदरात काही पडत नाही. पुढच्या वर्षी ती येत नाही आणि वाफा वाळतो. म्हणून खताचे तीन वाटे करावेत: दोन मालाचे, एक श्रमाचा. समजा खत 30 पाट्या निघाले. 20 पाट्या ज्याने जेवढा माल आणला त्या प्रमाणात वाटाव्यात. उरलेल्या 10 पाट्या पाणी मारण्याच्या व राखणीच्या पाळ्यांवर वाटाव्यात. एकूण पाळ्या 60 असतील आणि एका बिनजमिनीच्या घराने 30 केल्या असतील, तर त्या घराला 5 पाट्या मिळाल्या पाहिजेत. अंगणातल्या चार वेलांना तेवढे खत भरपूर होते. वही शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावी आणि दर रविवारी सर्वांसमोर वाचून दाखवावी. गांडुळांचेही वाटे ठरवावेत, कारण तीन महिन्यांत ती वाढतात आणि त्यांतून दुसरा वाफा उभा राहतो.

खत काढणे व परसबाग

माल चहापत्तीसारखा काळसर, रवाळ झाला व वास गेला की खत तयार समजावे. चार-पाच दिवस पाणी बंद करावे. मग सावलीत गोणपाटावर ढीग करावा. गांडुळे तळाशी जातात; वरचे खत हाताने काढून घ्यावे. कुदळ-खोरे लावू नये.

माघाच्या अखेरीस भेंडी, गवार, दुधी, दोडका, काकडी लावावी. वेलाच्या प्रत्येक आळ्यात दोन-तीन ओंजळी खत मातीत मिसळावे. महिन्याने तेवढेच पुन्हा द्यावे. न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ लावावी. खतामुळे जमीन भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते. मुळा कालव्याचे आवर्तन लांबले तर त्या ओलीचा मोठा आधार होतो.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. गावाचे पुढे पाहू. या कार्तिकात तुमच्या वस्तीवरच्या चार घरांनी एक वाफा आणि एक वही एवढे तरी करावे.