कोर्टाची पायरी चढण्याआधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. पण संसार मोडायचीच वेळ आली, तर बाईने रिकाम्या हाताने ती चढू नये.

1955 साली हिंदू विवाह कायदा झाला. त्याप्रमाणे कोर्ट घटस्फोट देते, पोटगीही ठरवते. दावा चालू असतानाही खर्च मागता येतो. पण नवऱ्याची मिळकत किती, हे दाखवावे लागते. ते कागद दाखवतात.

म्हणून एक वही करा. अंगावरचे दागिने, माहेरची भांडी तीत लिहा. ते स्त्रीधन, त्याची मालकी बाईची. शेताचा सातबारा काढा. जमीन नवऱ्याच्या नावावर असली, तर आपोआप अर्धी मिळत नाही. पण तिचे उत्पन्न पोटगीच्या हिशेबात धरतात. नवरा पुण्या-मुंबईला नोकरीस असेल, तर पगाराच्या चिठ्ठीची नक्कल ठेवा. सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावे, जामीन कोण, तेही टिपा. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते काढा.

वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या कायद्याने बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. भोर-वेल्ह्याच्या बायांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आणि आता तुम्हांला वाचता येते. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका.