पाण्याचा जमाखर्च
(लेखांक सातवा)

लाव्ह्याचा थर निवताना वायूचे बुडबुडे त्यात कसे कोंडले जातात हे गेल्या आठवड्यात आपण पाहिले. त्या रित्या पोकळ्यांचे पुढे काय होते, हा आजचा विषय. वाळूजच्या शिवारात नव्या विहिरीतून उपसलेल्या दगडांच्या ढिगात, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात असा एखादा खडक सापडला, तर तो घणाने फोडून पाहावा: तपकिरी अंगावर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके, आणि मोठ्या पोकळीत कडेला हिरवट मातकट लेप व त्यावर आतल्या बाजूस वाढलेले, मोत्याची झाक असलेले स्टिल्बाइटचे पापुद्रे. कडेचा लेप आधीचा, पापुद्रे नंतरचे. घटनाक्रमाचे दप्तर त्या पोकळीतच जतन झालेले असते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या पाषाणात मुरलेले उष्ण पाणी त्यातील काच व फेल्स्पार विरघळवीत गेले आणि तेथून उचललेली सिलिका, ॲल्युमिना व चुना यांची जमा त्याने पोकळीत स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटांच्या रूपाने खर्ची घातली. या खनिजांच्या जाळीदार घडणीत पाणी कोंडलेले असते. तापविताच ती उकळल्यासारखी फसफसतात, म्हणूनच क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये त्यांना हे नाव दिले.

तथापि उष्णतेने सारेच विरघळते हा समज खरा नव्हे. साखर कढत चहात चटकन विरघळते. चुन्याचा क्षार मात्र पाणी तापले की न्हाणीघरातील बंबाच्या आत खरपुडीसारखा बसतो. समुद्रतळाखाली हे दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालतात. भेगांतून खाली उतरणारे समुद्रजल सुमारे १५० अंशांच्या पुढे तापले की त्यातील कॅल्शियम सल्फेट ॲनहायड्राइट होऊन खाली बसते, मॅग्नेशियम मातीसदृश खनिजांत अडकते, आणि आम्ल बनलेले ते पाणी बेसाल्टमधील लोह, तांबे व जस्त क्लोराइडच्या आधाराने उचलून घेते. साडेतीनशे अंशांचे हे द्रावण दोन अंशांच्या सागरात उसळताच धातूंची सल्फाइडे काळ्या धुराप्रमाणे बाहेर पडतात. या उष्ण झऱ्याभोवती उभ्या राहणाऱ्या धुराड्याची पहिली भिंत ॲनहायड्राइटची असते आणि झरा निवाला की तीच पुन्हा विरघळू लागते.

अशा धातुसाठ्यांच्या शोधासाठी हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा पंधरा वर्षांचा करारनामा भारताने २०१६ मध्ये केला; आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेसह सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील जिवंत झऱ्याचे छायाचित्र मिळविले.

वाचकांनी मात्र विहिरीपाशीच थांबावे. पांढरा ठिपका सुरीने खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळावे: बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, म्हणजे बंबातील खरपुडीचाच सगोत्र, न आले तर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. या दोहोंत निवड कशी करावी, ते पुढील लेखांकात.