तिरुविसनल्लूरचं भिंतीवरचं घड्याळ

कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, यांनी 1693 साली हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना इनाम दिलं. तेव्हापासून गावाला शहाजीराजपुरम असंही म्हणू लागले. ‘जानकीपरिणय’ लिहिणारे रामभद्र दीक्षित इथलेच. पण मला या गावात सगळ्यात मोलाचं वाटतं ते शिवयोगीनाथर मंदिराच्या भिंतीवरचं सूर्यघड्याळ. ते चोळकाळातलं मानतात.

दगडात कोरलेलं अर्धवर्तुळ, केंद्राशी धातूचा खिळा आणि तिथून फाकत गेलेल्या रेषा, एवढंच ते यंत्र. खिळ्याची सावली ज्या रेषेवर पडेल ती वेळ.

घड्याळ जमिनीवर न आखता भिंतीवर का आखलं, यातच खरी करामत आहे. सूर्यघड्याळाचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावा लागतो. कुंभकोणमचा अक्षांश साधारण 11 अंश, त्यामुळे तिथे तो अक्ष जवळजवळ आडवाच येतो. म्हणजे दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीत खिळा सरळ ठोकला तरी काम बरंचसं भागतं. आता रेषांचं पाहा. अशा भिंतीवर तासातासातलं अंतर जवळपास सारखं, पंधरा-पंधरा अंशांचं राहतं. तेच घड्याळ तिथल्या जमिनीवर आखलं, तर अकरा ते बारा या तासाला जेमतेम तीन अंश मिळतात आणि पाच ते सहाला पंचावन्न! भरदुपारी वेळ वाचणार कशी? लंडनमधल्या कारागिराला हा हिशेब वेगळा मांडावा लागला असता. कावेरीकाठी साधी उभी भिंतच कामाला आली.

अशा युक्तीवर हक्क सांगू देणारा पेटंटचा कायदा भारतात आला तो फार पुढे, 1856 साली. पहिलं पेटंट मिळालं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगला, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. पुढे मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे (1867–1935) यांनी टाइप ओतण्याच्या यंत्रापायी लंडन आणि न्यूयॉर्क गाठलं आणि पेटंटं मिळवली. पेटंट मागणाऱ्याला आपली युक्ती कागदावर उलगडून दाखवावी लागते. तिरुविसनल्लूरच्या कारागिराचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही, पण त्याची युक्ती भिंतीवर उघडी आहे. ज्याला भूमिती येते त्याने ती वाचावी.

मनगटावरच्या घड्याळाशी मात्र हे जुळणार नाही, आणि त्यात त्या कारागिराची चूक नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. कुंभकोणम त्याच्या पश्चिमेला असल्याने तिथला सूर्य सुमारे बारा मिनिटं मागे असतो. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा आणि अक्षाच्या कलाचा फरक मिसळतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्यघड्याळ पंचवीसएक मिनिटं मागे पडतं, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला चारेक मिनिटं पुढे धावतं. दर महिन्याच्या या फरकाचं कोष्टक हाताशी असेल, तर शाळकरी पोरसुद्धा त्या सावलीवरून आजची वेळ काढू शकेल.