बिअरने पोट साफ होतं म्हणे!

‘काल दोन बाटल्या मारल्या, सकाळी पोट एकदम मोकळं!’ असं समाधानाने सांगणारा एक तरी प्रत्येक कंपूत असतो. त्याचं पोट साफ झालेलं नसतं, बिघडलेलं असतं. अन्नरसातलं पाणी आणि क्षार शोषून घेणं हे लहान आतड्याचं मोठं काम. दारूने ते मंदावतं. मोठ्या आतड्याची हालचालही वाढते, मग उरलेलं पाणी शोषायला तिथेही सवड मिळत नाही. सकाळी होतात ते जुलाब. त्यातच दारूने लघवीही जास्त होते. इतकं पाणी गेल्यावर पुढे काहींना बद्धकोष्ठ होतं आणि त्यावर उतारा म्हणून पुन्हा बिअर सुचवणारे महाभागही भेटतात.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ याचा हिशोब करून बघा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या लार्ज पेगमध्ये, म्हणजे ६० मिलीत, साधारण २६. एक बाटली म्हणजे दोन लार्ज झाले! शिवाय बिअर आणि वाइन जठरात जास्त आम्ल स्रवायला लावतात, तेवढं व्हिस्की किंवा जिन लावत नाही. म्हणून पित्ताला कंटाळून व्हिस्कीवरून बिअरवर येण्यात शहाणपण नाही. व्हिस्कीवाल्यांनीही खूश होऊ नये. कडक दारू जठराच्या अस्तरालाच इजा करते आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडून आंबट पाणी वर येतं, ते कुठल्याही दारूने.

जेवणावर घोटभर घेतली की अन्न लवकर पचतं, ही समजूत जुनी आणि जगभरची. स्वित्झर्लंडमध्ये वितळलेल्या चीजचं फाँड्यू खाताना वाइन आणि वर चेरीची कडक दारू घेतात. झुरिकच्या डॉक्टरांनी हेच तपासलं. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की वाइन घेणाऱ्यांचं जठर काळा चहा घेणाऱ्यांपेक्षा उशिरा रिकामं झालं. दारूने पोटात ऊब वाटते, ते पचन नव्हे.

चखण्याने दारू हळू चढते, हे खरं. पण चढतेच.

आणि ‘दारूने जातं ते लिव्हर’ हा समज तर सर्वांत महागात पडणारा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातलं, म्हणजे निःसंशय कर्करोगकारक ठरवलं. मद्याने होणाऱ्या कर्करोगांत अन्ननलिका, मोठं आतडं आणि गुदाशय यांचेही येतात. स्वादुपिंडाला सूज येते ती वेगळीच.

हँगओव्हरच्या डोकेदुखीवर रिकाम्या पोटी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, आधीच दुखावलेल्या अस्तरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण कारण कोणतं हे डॉक्टरांना ठरवू द्या.