वेबपानाची कारागिरी : रिअ‍ॅक्टची सुरुवात कोठून करावी?

"मुलगा रिअ‍ॅक्ट शिकायचे म्हणतो. क्लासवाले भली मोठी फी सांगतात. हे रिअ‍ॅक्ट आहे तरी काय, आणि आपल्या धंद्याला त्याचा उपयोग काय?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न आम्हाला तीन-चार व्यापारी बंधूंनी विचारला. विचारणाऱ्यांत शिंपीकाम करणारे एक मास्टरही होते. त्यांच्याच दुकानासाठी आम्ही एक लहानसे पान बनवायला घेतले. त्यात आमची चांगलीच फजिती झाली. ती हकीकत पुढे येईलच, कारण शिकणाऱ्याला तिचाच उपयोग अधिक आहे.

आधी पैशांची गोष्ट. रिअ‍ॅक्ट फुकट आहे. ते शिकण्याची अधिकृत पुस्तिका इंटरनेटवर आहे, तीही फुकट. क्लासची फी द्यायची ती शिकवणाऱ्याच्या मेहनतीची. वस्तूची किंमत म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

ग्राहकाच्या मोबाईलवर जे पान दिसते ते तीन गोष्टींचे बनते. एचटीएमएल हा सांगाडा, सीएसएस ही रंगरंगोटी आणि जावास्क्रिप्ट ही हालचाल. बटण दाबले की काय व्हावे हे जावास्क्रिप्ट सांगते. ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. जावा नावाच्या दुसऱ्या भाषेशी तिचे नावापुरतेच साम्य आहे. रिअ‍ॅक्ट ही वेगळी भाषा नव्हे. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले तयार हत्यारांचे खोके आहे. अमेरिकेतील फेसबुक कंपनीत जॉर्डन वॉक या अभियंत्याने ते घडवले. २०११ मध्ये ते फेसबुकच्या पानावर आणि २०१२ मध्ये इन्स्टाग्रामच्या पानावर वापरात आले, आणि मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

एवढ्या मोठ्या कंपनीला ही खटपट का करावी लागली? मास्टरांच्या दुकानावरून पाहू. त्यांच्या पानावर खाली ऑर्डरींची यादी, वर शिल्लक ऑर्डरींचा आकडा आणि बाजूला येणे बाकीची रक्कम. एक शेरवानी ग्राहकाने नेली की तिन्ही ठिकाणी बदल व्हायला हवा. जुन्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी जाऊन "तू बदल" असे सांगावे लागे. एक जागा विसरली की यादीत नऊ आणि वर दहा. फेसबुकवर न वाचलेल्या संदेशांचा आकडा असाच खोटा दिसत असे, हे त्यांच्याच अभियंत्यांनी २०१४ मध्ये भाषणात सांगितले आहे.

रिअ‍ॅक्टची पद्धत उलटी आहे. पानाला हात लावायचा नाही. फक्त नोंद बदलायची. नोंदीवरून पान कसे दिसावे हे आपण एकदा लिहून ठेवतो. नोंद बदलली की रिअ‍ॅक्ट नवा आराखडा काढते, जुन्याशी ताडून पाहते आणि जेथे फरक असेल तेवढेच पानावर बदलते. या नोंदीला स्टेट म्हणतात. पानाच्या एकेका तुकड्याला कंपोनंट म्हणतात. छपाईचे काम करणाऱ्या कारागिरांना कंपोनंट समजावून सांगावा लागणार नाही. तो लाकडी ठसाच आहे. ठसा एकदा कोरायचा आणि रंग बदलून हवा तितक्या वेळा उमटवायचा. ऑर्डरीच्या एका ओळीचा ठसा कोरला की पन्नास ऑर्डरींच्या पन्नास ओळी त्यानेच उमटतात. प्रत्येक वेळी जो वेगळा रंग भरतो, म्हणजे ग्राहकाचे नाव, माप, तारीख, त्याला प्रॉप्स म्हणतात.

स्टेट ठेवण्यासाठी यूजस्टेट नावाची सोय आहे. ती दोन वस्तू हातात देते, सध्याची नोंद आणि ती बदलण्याचे साधन. येथे नवशिका पहिली ठेच खातो. तो जुन्याच यादीत नवी ऑर्डर खुपसतो आणि तीच यादी परत देतो. पान हलत नाही. वहीतली रक्कम खरवडून त्यावर दुसरी लिहिली तर मुनीमजी कसे चिडतात हे आपणांस माहीत आहे. रिअ‍ॅक्टचा स्वभाव त्याच वळणाचा. वही तीच आली, मग पाहायचे काय, असे समजून ते गप्प राहते. जुन्या नोंदी उतरवून घेऊन त्यात नवी मिळवलेली नवी यादी द्यावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये तीन टिंबे दिली की हे उतरवून घेण्याचे काम एका ओळीत होते.

आता आमची फजिती. यादी उमटवताना रिअ‍ॅक्ट प्रत्येक ओळीसाठी एक की मागते. की म्हणजे ओळखीची खूण. आम्ही ती दिली नाही तेव्हा तपासणीच्या खिडकीत लाल अक्षरांत इशारा आला. घाईत आम्ही ओळीचा क्रमांकच की म्हणून दिला. पहिली शून्य, दुसरी एक, तिसरी दोन. इशारा गेला. आम्ही खूश. प्रत्येक ओळीत सूचना लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट ठेवली होती. मास्टरांनी सकाळी पहिल्या ओळीत काहीच लिहिले नाही, दुसऱ्या ओळीत "बाही दीड इंच आखूड" असे टिपले. दुपारी पहिली ऑर्डर गेली म्हणून आम्ही ती काढून टाकली. नावे बरोबर वर सरकली. सूचना मात्र जागची हलली नाही. दुसऱ्या ओळीत ती होती तशीच राहिली, आणि त्या ओळीत आता तिसऱ्या ग्राहकाचे नाव आले होते.

तो ग्राहक नवरदेव होता. लग्नाच्या शेरवानीचे कापड त्याने स्वतः आणून दिले होते आणि ते कटिंग टेबलावर पसरलेलेही होते. मास्टर पडद्यावर पाहून थबकले, त्यांनी आपली जुनी चोपडी उघडली आणि कात्री खाली ठेवली. "भाई, या पोराची बाही तर पुरी आहे. हे कोणाचे माप इथे आले?" आम्ही खुलासा करू लागलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही नंबराची चिठ्ठी कापडाला टाचली नाही, खुंटीला टाचली?"

नेमके तेच झाले होते. खुंटीवरचे कापड बदलते, खुंटीचा नंबर तोच राहतो. तीन ओळींतून एक गेली तेव्हा रिअ‍ॅक्टला शून्य आणि एक या खुणा जागेवर दिसल्या आणि दोन नाहीशी दिसली. त्याने शेवटची ओळ गेली असे मानले. नावे आमच्या नोंदीतून येत होती म्हणून ती बरोबर बदलली. चौकटीतला मजकूर आमच्या नोंदीत नव्हताच, तो पानावरच पडून होता. म्हणून तो जागेला चिकटला. दोष रिअ‍ॅक्टचा नव्हे, आमचाच. दुरुस्तीही दोन ओळींची निघाली. ओळीच्या क्रमांकाऐवजी पावतीचा नंबर की म्हणून दिला, आणि सूचना ही त्या ऑर्डरीच्या नोंदीचाच भाग केली. पावतीचा नंबर एकदा पडला की बदलत नाही आणि दोन ग्राहकांना एक येत नाही. की कशी असावी याचे याहून चांगले उत्तर आम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

त्याच संध्याकाळी वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केला तर यादी कोरी. हे मात्र आम्हाला आधीच ठाऊक होते आणि मास्टरांना सांगायचे राहून गेले होते. रिअ‍ॅक्टचे स्टेट हे पान उघडे असेपर्यंतच टिकते. रिअ‍ॅक्ट दुकानाचा दर्शनी भाग आहे, गोदाम नव्हे. माल ठेवण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. ब्राउझरमध्येच लोकल स्टोरेज नावाचा एक छोटा कप्पा असतो, पण तो त्याच यंत्रापुरता. दुकानात लिहिलेले घरच्या मोबाईलवर दिसावे असे वाटत असेल तर सर्व्हर आणि डेटाबेस हवा. ते काम रिअ‍ॅक्ट करीत नाही. "रिअ‍ॅक्ट शिकला की पूर्ण दुकान ऑनलाइन" असे जे सांगतात ते अर्धेच सांगतात.

व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ब्राउझरमध्ये पाठवलेले सर्व काही ग्राहकाच्या हातात जाते. किंमत पानावर मोजली तर जाणकार माणूस ती बदलून पाठवू शकतो. म्हणून अंतिम रक्कम सर्व्हरवर पुन्हा मोजावी. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली तर रिअ‍ॅक्टच्या पानात कधीच लिहू नये. रिअ‍ॅक्टचे काही भाग आता सर्व्हरवरही चालतात. त्यांना सर्व्हर कंपोनंट म्हणतात. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये गंभीर भगदाड सापडल्याचे जाहीर झाले आणि दुरुस्त आवृत्त्या तातडीने काढाव्या लागल्या. केवळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पानांना त्याची झळ नव्हती. नवशिक्याने सर्व्हरच्या वाटेला लगेच जाऊ नये असे आमचे मत आहे.

सुरुवात करायची तर संगणकावर नोड नावाची प्रणाली बसवावी आणि लिहिण्यासाठी व्हीएस कोड घ्यावा. दोन्ही फुकट. रिअ‍ॅक्टमध्ये जावास्क्रिप्टच्या पोटातच एचटीएमएलसारखे लिहितात. त्या लिखाणाला जेएसएक्स म्हणतात. ते ब्राउझरला कळत नाही, म्हणून ते उलगडून देणारे अवजार लागते. त्याचे नाव वीट. फ्रेंच भाषेत याचा अर्थ जलद असा आहे. मराठीतल्या दोन्ही अर्थांपैकी शिकणाऱ्याने बांधकामाचा घ्यावा, कंटाळ्याचा नको. पूर्वी या कामासाठी क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप वापरत. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या कर्त्यांनी नव्या कामासाठी ते वापरू नये असे जाहीर केले. तेव्हा क्लासमध्ये नाव घालण्यापूर्वी एवढेच विचारावे की, पहिला प्रकल्प कशाने उभा करता? उत्तर जुने आले तर शिकवणीही जुनी समजावी. हुक्स, म्हणजे यूजस्टेटसारख्या सोयी, फेब्रुवारी २०१९ पासून आहेत. त्यापूर्वीची पुस्तके क्लास पद्धतीने शिकवतात. ती आज सुरुवातीला घेऊ नयेत.

आणि रिअ‍ॅक्टच्या आधी जावास्क्रिप्ट. हे कोणालाच आवडत नाही. फंक्शन, ऑब्जेक्ट, यादीवर चालणारे मॅप आणि फिल्टर, दूरवरून माहिती मागवणारे फेच, एवढे हाताखालून गेल्याशिवाय रिअ‍ॅक्ट म्हणजे पाठांतर होते. सुई धरता येत नसताना कोणी शेरवानी कापायला बसत नाही. किरकोळ खाचखळगे वाटेत समजतातच. कंपोनंटचे नाव मोठ्या अक्षराने सुरू न केल्यास रिअ‍ॅक्ट त्याला साधे एचटीएमएल समजते. बटणाला काम नेमून द्यायचे असते, तेथल्या तेथे करून टाकायचे नसते. कंस जास्तीचा पडला की बटण दाबण्यापूर्वीच काम होऊन बसते.

आपल्या भाषांची अडचण येत नाही. मराठी अक्षरे जशीच्या तशी लिहावीत. उर्दू मजकुराच्या चौकटीला उजवीकडून डावीकडे ही दिशा सांगावी, म्हणजे ओळी नीट बसतात. आकडे छापताना मराठी-भारत हा संकेत दिला तर ब्राउझर स्वतःच १,२५,००० असे देवनागरी अंकांत, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन लिहितो. ही सोय रिअ‍ॅक्टची नाही, जावास्क्रिप्टची आहे.

परवान्याबद्दल कोणी घाबरवले तर त्याची पार्श्वभूमी अशी. एके काळी रिअ‍ॅक्टच्या परवान्याला पेटंटविषयी एक अट जोडलेली होती आणि त्यावर २०१७ मध्ये बराच गदारोळ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती अट काढून साधा एमआयटी परवाना लावण्यात आला. धंद्यात वापरायला हरकत नाही.

मात्र प्रत्येकाला रिअ‍ॅक्ट लागते असे मुळीच नाही. नाव, पत्ता, दहा छायाचित्रे आणि फोन नंबर एवढेच दाखवायचे असेल तर साधे एचटीएमएल पुरते. ते हलक्या मोबाईलवरही झटकन उघडते. रिअ‍ॅक्टमध्ये आधी जावास्क्रिप्ट उतरते, मग पान रंगते. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने असे साधे पान रिअ‍ॅक्टमध्ये करून घेतले, भरपूर पैसे मोजले, आणि सोर्स कोड व पानाचे नाव दोन्ही करून देणाऱ्याच्याच ताब्यात राहिले. आज दर बदलायचा तरी त्यांना त्याच माणसाची मनधरणी करावी लागते. काम कोणाकडूनही करून घ्या, या दोन वस्तू आपल्या नावावर घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

ज्या मुलाला शिकायचे आहे त्याने पहिले काम दरपत्रकाचे घ्यावे. तीन वस्तू, प्रत्येकीचा नग कमी-जास्त करण्याची बटणे, खाली एकूण रक्कम आणि प्रत्येक ओळीत सूचनेची एक चौकट. तिन्ही चौकटींत वेगवेगळे काही लिहावे, मधली वस्तू काढून टाकावी आणि उरलेल्या दोन सूचना आपापल्या मालकाकडेच राहिल्या का ते पाहावे.